जर्मनीचे फुटबॉल 1963 साली जन्मले नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत युद्धानंतरच्या जर्मन फुटबॉलवर पानभर मजकूर आला. इंग्लंड-स्पेनच्या पलीकडे सहसा न बघणाऱ्या क्रीडापानावर 1947-48 च्या मोसमाला एवढी जागा मिळाली, याचे आम्हाला अप्रूप वाटले. पण ‘बुंडेसलिगा सुरू होईपर्यंत जर्मनीत फुटबॉल हौशी आणि गावपातळीवरचे होते’ हे लेखातले वाक्य साफ चुकीचे आहे. (बुंडेसलिगा म्हणजे 1963 साली सुरू झालेली एकच देशव्यापी साखळी.) सोबतच्या दोन तक्त्यांपैकी एक आजच्या नियमाने नव्याने मांडल्यामुळे बिघडला आहे, दुसऱ्यात छपाईची चूक आहे आणि छायाचित्राखालची ओळ वेगळ्याच वर्षाची आहे. जुने तक्ते बघण्याची सवय नसेल तर यातले काही डोळ्यांना खटकणारही नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ‘गावपातळी’चे बघू. जर्मनीत राष्ट्रीय विजेता 1903 पासून ठरत आला आहे. पद्धत अशी की प्रत्येक विभागाची आपली अव्वल साखळी, तिचे विजेते पुढे बाद फेरीत आणि शेवटी एक अंतिम सामना. मुंबईच्या वाचकाला हे समजायला रणजी करंडक आठवला की पुरे. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र आपसांत खेळायचे आणि वर आलेले संघ बाद फेरीला जायचे. 2002 पर्यंत हीच रीत होती. म्हणून त्या काळच्या रणजीला कोणी हौशी किंवा गावपातळीची म्हणत नाही. युद्धानंतर विभागाच्या अव्वल साखळीला ओबरलिगा म्हणत आणि ती म्हणजे नेमके हेच. शब्दाचा अर्थच ‘वरची साखळी’. 1963 च्या उन्हाळ्यापर्यंत पश्चिम जर्मनीत हिच्या वर दुसरी साखळी नव्हती.

युद्धामुळे बदलल्या त्या विभागांच्या सीमा. 1944 साली ड्रेस्डेनर एससी विजेता झाला आणि मग 1945 ते 1947 अशी तीन वर्षे राष्ट्रीय विजेताच नाही. देश अमेरिकन, ब्रिटिश, फ्रेंच आणि सोव्हिएत अशा चार फौजांच्या ताब्यात वाटला गेला आणि फुटबॉलही त्याच रेघांवर कापले गेले. सर्वांत आधी हलली ती अमेरिकन हद्द. दक्षिण विभागाची ओबरलिगा 4 नोव्हेंबर 1945 ला 16 संघांनिशी सुरू झाली, म्हणजे शरणागतीनंतर सहा महिन्यांच्या आत. गंमत म्हणजे दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण परिषदेचा क्रीडासंस्थांविषयीचा हुकूम त्यानंतर, 17 डिसेंबर 1945 ला निघाला. युद्धापूर्वीच्या साऱ्या क्रीडासंस्था 1 जानेवारी 1946 पर्यंत बरखास्त करा आणि नव्या काढायच्या तर फक्त स्थानिक पातळीवर, तेही परवानगीने, असा तो हुकूम. अमेरिकनांनी त्याकडे बरीचशी डोळेझाक केली. फ्रेंचांनी आणि बर्लिनमध्ये मात्र तो अक्षरशः पाळला गेला.

त्यामुळे जुन्या तक्त्यात ओळखीची नावे सापडत नाहीत आणि इथेच आपल्या लेखकाची पहिली गल्लत झाली आहे. ‘हेर्था बर्लिन त्या मोसमात खेळलाच नाही’ असे लेखात म्हटले आहे. खेळला की! बर्लिनमध्ये जुने क्लब मोडून वस्तीच्या नावाने ‘एसजी’, म्हणजे क्रीडागट, उभे केले होते. हेर्था 1949 पर्यंत एसजी गेसुंडब्रुनेन या नावाने खेळत होता आणि टेनिस बोरुसिया एसजी शार्लोटेनबुर्ग या नावाने. फ्रेंच हद्दीत फ्रायबुर्गर एफसीला व्हीएफएल फ्रायबुर्ग व्हावे लागले. 1945 ते 1949 मधल्या तक्त्यात एखादा नामांकित क्लब दिसला नाही तर तो गायब होता असे न लिहिता त्या वस्तीच्या नावाचा संघ आधी शोधावा. उलट फसगतही होते. स्टुटगार्टचे दोन, फ्रँकफर्टचे दोन, आउग्सबुर्गचे दोन आणि मानहाइमचे दोन संघ एकाच साखळीत असायचे, त्यामुळे नुसते शहराचे नाव छापले तर कोण ते कळत नाही. आपल्या तक्त्यात ‘मानहाइम’ दोनदा आला आहे. त्यातला एक व्हीएफआर आणि दुसरा वाल्डहोफ हे छापायला हवे होते.

सीमा किती विचित्र होत्या, हे मानहाइमवरूनच कळते. ऱ्हाइन नदीच्या एका काठाला मानहाइम आणि समोरच्या काठाला लुडविग्सहाफेन. मानखुर्द आणि वाशी समजा. पण मानहाइम अमेरिकनांकडे, म्हणून त्याचे संघ दक्षिण साखळीत. लुडविग्सहाफेन फ्रेंचांकडे, म्हणून तिथला फिनिक्स नैऋत्य साखळीत. समोरच्या काठावर संघ असताना मानहाइमकर सामन्यासाठी जायचे कुठे, तर सव्वादोनशे किलोमीटरवरच्या न्यूरेंबर्गला. तेही मोडक्या रेल्वेने, नाहीतर लाकूड जाळून त्याच्या वायूवर चालवलेल्या ट्रकने.

1947-48 चे महत्त्व असे की पाचही साखळ्या, म्हणजे दक्षिण, नैऋत्य, पश्चिम, उत्तर आणि बर्लिन, एकाच वेळी चालू असलेला हा पहिला मोसम. ब्रिटिश हद्दीतल्या उत्तर आणि पश्चिम साखळ्या त्याच वर्षी सुरू झाल्या. दक्षिणेत 20 संघ होते, म्हणजे प्रत्येकाला 38 सामने. उत्तरेत 12 संघ, प्रत्येकी 22 सामने. हे आकडे लक्षात ठेवावेत, कारण तक्ता तपासायचा तर इथूनच सुरुवात करावी लागते.

त्या वेळी जिंकल्यास 2 गुण आणि बरोबरीला 1 होता. जर्मन तक्त्यात गुणांचे दोन आकडे छापत: डावीकडे कमावलेले, उजवीकडे गमावलेले. जिंकला की डावीकडे 2, हरला की उजवीकडे 2, बरोबरी झाली की दोन्हीकडे एकेक. अर्थात दोन्ही आकड्यांची बेरीज नेहमी सामन्यांच्या दुप्पट. 22 सामने झाले तर 44, 38 झाले तर 76. गमावलेल्या गुणांचा आकडा उगाच शोभेला नसायचा. पावसाने, बर्फाने किंवा गाडी न मिळाल्याने सामने पुढे ढकलले जायचे आणि एका संघाचे 14 तर दुसऱ्याचे 17 सामने झालेले असायचे. अशा वेळी खरा पुढे कोण, हे उजवा आकडा सांगतो.

आता आपला उत्तर विभागाचा तक्ता घ्या. तो मूळ पद्धतीने छापला, हे चांगले केलेत. पण सातव्या ओळीत गुण 22:24 आहेत. बेरीज 46. 22 सामन्यांत ती होऊच शकत नाही. मग चूक डावीकडे की उजवीकडे? पूर्ण साखळीत 12 संघांचे 132 सामने होतात आणि प्रत्येक सामन्यात 2 गुण वाटले जातात, म्हणजे डाव्या रकान्याची एकूण बेरीज 264 आणि उजव्याचीही 264 हवी. आपल्या तक्त्यात डावीकडे 266 भरतात, उजवीकडे बरोबर 264. तेव्हा ती ओळ 20:24 अशी असणार आणि हा टाइप करतानाचा घोटाळा आहे. गोलांचेही तसेच. सर्वांनी केलेल्या गोलांची बेरीज आणि सर्वांवर झालेल्या गोलांची बेरीज एकच यायला हवी. छपाईला जाण्यापूर्वी कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचे काम. बेरीज चुकूनही तक्ता बरोबर असण्याचा प्रसंग विरळा येतो: सामना रद्द होऊन दोन्ही संघांना हरलेले धरले, तर दोन्हीकडचे 2-2 गुण उजव्या रकान्यात जातात.

दक्षिणेच्या तक्त्याचे मात्र वाटोळे झाले आहे. तो आजच्या 3 गुणांच्या हिशोबाने मांडला आहे. जर्मन साखळीत 3 गुण 1995-96 पासून आले. कोणाला वाटेल, गुण बदलले तरी क्रम तोच राहील. राहत नाही. 22 सामन्यांचेच उदाहरण घेऊ. एक संघ 10 जिंकला, 10 बरोबरीत सुटले, 2 हरला. त्या वेळच्या हिशोबाने 30:14. दुसरा 14 जिंकला, 1 बरोबरी, 7 हरला. त्याचे 29:15. पहिला संघ वर. आता 3 गुणांनी मोजा: पहिल्याचे 40, दुसऱ्याचे 43. वरचा खाली गेला. पहिल्या संघाने परक्या मैदानावर बरोबरी सांभाळून खेळले असेल ते 2 गुणांचा नियम बघून, आणि त्याला पन्नास वर्षांनंतरच्या नियमाने मागे ढकलणे म्हणजे हुतूतूचा जुना सामना आजच्या बोनस रेषेने मोजण्यासारखे. शिवाय 3 गुणांच्या तक्त्याला वर सांगितलेला बेरजेचा ताळाही उरत नाही. 380 सामन्यांचे एकूण गुण 1140 वजा बरोबरीत सुटलेले सामने, आणि बरोबऱ्या किती हे माहीत नसले की हात टेकावे लागतात.

त्याच तक्त्यात सारख्या गुणांचे संघ गोलफरकाने लावले आहेत, ती तिसरी चूक. त्या काळी आणि पुढे बुंडेसलिगातही 1968-69 पर्यंत गोलसरासरी चालत असे. केलेले गोल भागिले झालेले गोल. 60:30 चा संघ आणि 40:18 चा संघ घ्या. फरकाने पहिला पुढे, 30 विरुद्ध 22. सरासरीने पहिला 2.00 आणि दुसरा 2.22, म्हणजे दुसरा पुढे. या भागाकारात गोल खाणे फार महागात पडते. 60:30 च्या संघावर आणखी एक गोल झाला की सरासरी 1.94 होते आणि पुन्हा 2.00 व्हायला दोन गोल करावे लागतात. 40:18 वाल्याला तर एका गोलाच्या भरपाईला तीन लागतात. चार-शून्यने पुढे असलेला संघ शेवटच्या दहा मिनिटांत पाचव्या गोलामागे का धावायचा नाही, याचे एक कारण हे आहे.

पहिल्या जागेसाठी गुण सारखे झाले तर सरासरी बाजूला ठेवून निर्णायक सामना खेळवण्याचीही रीत होती. उत्तरेत त्या मोसमात हॅम्बुर्ग एसव्ही आणि सेंट पाउली या एकाच शहरातल्या दोघांचे तसेच झाले आणि हॅम्बुर्गने 2-1 ने बाजी मारली. या सामन्याचे गोल आणि गुण साखळीच्या तक्त्यात धरायचे नसतात. धरले तर या दोघांचेच 23 सामने होतात आणि सगळे गणित फिसकटते.

लेखात ‘खेळाडूंना काही मिळत नव्हते’ असे आहे, त्याबद्दल थोडे. रोख फारसे मिळत नव्हते हे खरे, पण रोखीला विचारतो कोण! शिधा 1550 कॅलरींचा ठरलेला असताना 1947 च्या वसंतात रुऱ्ह खोऱ्यातल्या माणसाच्या हाती हजाराच्या आसपास पडत होता. मुंबईकरांनीही 1943 पासून रेशनच्या रांगा पाहिल्या होत्या, तेव्हा कार्डावर लिहिलेले आणि पिशवीत पडलेले यातला फरक आपल्याला समजावून सांगायला नको. त्यातून निघाले ते ‘कॅलरीचे सामने’. साखळीच्या सामन्यांच्या मधल्या दिवसांत शहरातला नावाजलेला संघ एखाद्या शेतकरी गावी मित्रत्वाचा सामना खेळायला जायचा. गावाला बडे खेळाडू बघायला मिळायचे आणि संघाला मोबदला बटाटे, डुकराची खारवलेली चरबी, अंडी, पीठ अशा रूपात. सामना संपला की पोती ट्रकवर चढवायची, वाटे घालायचे आणि रात्रीच परतायचे. ज्या क्लबच्या ओळखी खेड्यांत जास्त, त्याचे खेळाडू टिकायचे.

रुऱ्हमध्ये आणखी एक सोय होती. कोळशाच्या खाणीत उतरणाऱ्याला जादा शिधा मिळे, म्हणून खाणीत नोकरी लावून देणे हेच खेळाडू मिळवण्याचे मोठे साधन. एसेनच्या खाणवस्तीतला काटर्नबर्ग हा क्लब त्या मोसमात पश्चिम साखळीत बोरुसिया डॉर्टमुंडच्या मागोमाग दुसरा आला, यात नवल नाही. नोकरीवर खेळाडू बाळगणे म्हणजे काय, हे टाटा, मफतलाल आणि रेल्वेचे संघ कूपरेजवर बघितलेल्यांना वेगळे सांगायला नको.

20 जून 1948 ला चलन बदलले. राइशमार्क गेला, डॉइच मार्क आला, माणशी सुरुवातीला 40 मार्क हातात. दुकाने रातोरात भरली आणि बटाट्यांसाठी खेळण्याची गरज संपत आली. क्लबांच्या गल्ल्यातले जुने पैसे मात्र मातीमोल झाले. त्याच वर्षी करारबद्ध खेळाडूचा नियम आला: महिन्याला जास्तीत जास्त 320 मार्क आणि सोबत दुसरा पोटापाण्याचा व्यवसाय असलाच पाहिजे. याला निमव्यावसायिक म्हणता येईल. हौशी नाही.

बाद फेरी या चलनबदलाच्या धामधुमीतच झाली. आठ जागा अशा होत्या: दक्षिणेचे न्यूरेंबर्ग आणि 1860 म्युनिक (1860 हा क्लबच्या नावाचाच भाग), ब्रिटिश हद्दीचे हॅम्बुर्ग आणि सेंट पाउली, फ्रेंच हद्दीचे कायझर्सलाउटर्न आणि कोब्लेन्झचा नॉइएनडोर्फ, बर्लिनचा युनियन ओबरश्योनेवाइडे आणि सोव्हिएत हद्दीचा प्लानिट्झ. लेखात ‘न्यूरेंबर्गने प्लानिट्झला हरवले’ असे आहे. तो सामना झालाच नाही. प्लानिट्झ 4 जुलैला लाइप्झिगमध्ये हालेच्या फ्रायइमफेल्डेला 1-0 हरवून पूर्वेचा विजेता झाला, पण सोव्हिएत अधिकाऱ्यांनी प्रवासाची परवानगी दिली नाही आणि न्यूरेंबर्गला पुढे चाल मिळाली. उपांत्य फेरीत त्यांना सेंट पाउलीविरुद्ध जादा वेळ खेळावा लागला, 3-2. दुसरीकडे कायझर्सलाउटर्नने नॉइएनडोर्फला 5-1 झोडपले. अंतिम सामना 8 ऑगस्ट 1948, कोलोन: न्यूरेंबर्ग 2, कायझर्सलाउटर्न 1. कायझर्सलाउटर्नकडून फ्रिट्झ वाल्टर खेळला, जो सहा वर्षांनी विश्वचषक उचलणार होता. बरोबर आठच दिवस आधी, 31 जुलैला, लंडन ऑलिंपिकमध्ये आपला भारतीय संघ फ्रान्सशी 1-2 असा हरला होता. त्या ऑलिंपिकचे जर्मनीला आमंत्रणच नव्हते. भारताच्या त्या सामन्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून तारखेचा हा आधार.

लेखात रॉबर्ट श्लिन्झचे नाव नाही, त्याची मात्र चुटपुट लागली. 1945-46 मध्ये त्याने व्हीएफबी स्टुटगार्टसाठी 46 गोल केले आणि संघ दक्षिणेत पहिला आला. ऑगस्ट 1948 मध्ये मोटार अपघातात डावा हात कोपराखाली गेला. तो पुन्हा खेळला, आघाडी सोडून मधल्या फळीत आला आणि कर्णधार म्हणून 1950 आणि 1952 ची राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली. पुढे देशाकडूनही तीन सामने खेळला. ओबरलिगाला गावपातळी म्हणणाऱ्यांनी ही कारकीर्द एकदा नजरेखालून घालावी.

विजेतेपदांची यादीही त्याच समजुतीने बिघडली आहे. न्यूरेंबर्गपुढे ‘1’ छापला आहे. तो आकडा फक्त बुंडेसलिगाचा, 1968 चा. एकूण विजेतेपदे 9 आहेत: 1920, 1921, 1924, 1925, 1927, 1936, 1948, 1961 आणि 1968. डॉर्टमुंडचीही 1956, 1957 आणि 1963 ही तीन गाळली गेली आहेत. शर्टावरच्या ताऱ्यांसाठी जर्मनीत फक्त बुंडेसलिगाची विजेतेपदे मोजतात, बहुधा तिथून हा गोंधळ आला असावा. यादीचे शीर्षक ‘बुंडेसलिगा विजेते’ असे केले तर आकडे बरोबर, ‘जर्मन विजेते’ असे ठेवले तर चूक.

बुंडेसलिगा ठरली ती 28 जुलै 1962 ला डॉर्टमुंडमध्ये, आणि पहिल्या मोसमाच्या 16 जागा याच ओबरलिगांना वाटून दिल्या: दक्षिण 5, पश्चिम 5, उत्तर 3, नैऋत्य 2, बर्लिन 1. बायर्न म्युनिकला तेव्हा जागा मिळाली नाही, कारण दक्षिणेचा त्या वर्षीचा विजेता 1860 हा म्युनिकचाच होता. लेखात पहिल्या 16 मध्ये बायर्न आहे, तो काढावा.

आता छायाचित्र. ‘1948 च्या विजयानंतर थाळी उंचावताना न्यूरेंबर्गचे खेळाडू’ अशी ओळ खाली आहे. 1948 मध्ये ती थाळी अस्तित्वातच नव्हती. जुना ‘व्हिक्टोरिया’चा पुतळा युद्धाच्या गदारोळात नाहीसा झाला होता. थाळी घडवली एलिझाबेथ ट्रेस्को या सोनार कलावतीने, आणि ती पहिल्यांदा मिळाली 1949 साली व्हीएफआर मानहाइमला. तिच्यावर 1903 पासूनच्या विजेत्यांची नावे कोरलेली आहेत. न्यूरेंबर्गचा मॅक्स मॉरलॉक 1948 आणि 1961 या दोन्ही अंतिम सामन्यांत खेळला, म्हणून चेहरा पाहून वर्षाची फसगत झाली असेल. हातात थाळी आणि शेजारी मॉरलॉक असेल तर ते चित्र 1961 चे, हॅनोव्हरला डॉर्टमुंडवर 3-0 असा विजय मिळवला तेव्हाचे. कृपया तशी दुरुस्ती छापावी.

कळावे,
आपले,
फुटबॉलच्या जुन्या तक्त्यांचा नाद असलेले चार वाचक
परळ, मुंबई